तज्ज्ञांच्या भेटीपूर्वीचे दिवस

मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे, अशी चिठ्ठी हाती पडल्यापासून प्रत्यक्ष तपासणी होईपर्यंतचा काळ कोणत्याही केसपेपरवर नोंदला जात नाही. रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्या मंडळींच्या दृष्टीने मात्र आजाराचा सर्वांत कठीण भाग पुष्कळदा हाच असतो. हात थरथरतो आहे, पायांना मुंग्या येत आहेत, बोलताना एखादा शब्द अडतो आहे. याचा अर्थ काय, हे सांगू शकणारी व्यक्ती आणखी तीन आठवड्यांनी भेटणार आहे. तोवर शेजारी, नातलग, औषधांच्या दुकानातील ओळखीचा मुलगा आणि हातातील मोबाईल हे सारे आपापले निदान देऊन मोकळे होतात. बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीशी "सिस्टर, याहून लवकरची तारीख नाही का हो?" हा प्रश्न ज्या स्वरात विचारला जातो, तो ऐकल्यावर यंदाच्या अभ्यासलेखासाठी वेगळा विषय शोधण्याची गरज आम्हांस वाटली नाही.

ही प्रतीक्षा कोणाच्या बेपर्वाईतून निर्माण झालेली नाही. आपल्या देशात मेंदूविकारतज्ज्ञांची संख्या अवघी काही हजार असून त्यांतील बहुसंख्य मोठ्या शहरांत आहेत. काही लाख लोकसंख्येमागे एक तज्ज्ञ, असे हे प्रमाण पडते. आमच्यासारख्या विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांत हे तज्ज्ञ मानद सल्लागार म्हणून आठवड्यातील ठरावीक दिवशी येतात. त्यातच या शाखेतील नवा रुग्ण पाच मिनिटांत तपासून होत नाही. त्याची हकीकत ऐकण्यासच अर्धा तास लागतो. त्यामुळे एका दिवसात मोजकेच नवे रुग्ण पाहता येतात आणि उरलेल्यांना पुढची तारीख द्यावी लागते.

प्रश्न असा आहे, की ही पुढची तारीख कोणास द्यावी आणि कोणास देऊ नये. रुग्णाच्या चेहऱ्यावरील भीती पाहून हे ठरवता येत नाही, कारण मज्जासंस्थेच्या बाबतीत भीती आणि धोका यांचे प्रमाण सहसा जुळत नाही. पोटरीचा स्नायू महिनाभर फडफडतो म्हणून एखादा तरुण रात्र रात्र जागतो, आणि ज्या गृहस्थांचा उजवा हात सकाळी दहा मिनिटे लुळा पडून पूर्ववत झाला, ते "आता बरे वाटते" म्हणून दुपारी शेतावर जातात. पहिल्यास तीन आठवडे थांबवले तर बहुधा काही बिघडत नाही. दुसऱ्यास तीन दिवसही थांबवणे योग्य नाही.

दहा मिनिटांचा लुळेपणा

या दुसऱ्या प्रकाराविषयी अधिक विस्ताराने लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा काही काळ अडतो आणि पुन्हा सुरू होतो, तेव्हा हात किंवा पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, वाचा अडखळणे, एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे होणे ही लक्षणे येतात आणि निघूनही जातात. दुखत काहीच नाही. त्यामुळे घरातील मंडळी निश्चिंत होतात आणि मिळालेल्या तारखेची वाट पाहत बसतात. वास्तविक या घटनेनंतर खराखुरा पक्षाघात होण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक असतो.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे या विषयावर झालेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मोठा बोलका आहे. अशा रुग्णांना तज्ज्ञांच्या भेटीची तारीख मिळेपर्यंत थांबावे लागे, त्या काळात त्यांच्यापैकी १०.३ टक्के रुग्णांना पुढील ९० दिवसांत पुन्हा पक्षाघात झाला. नंतर तारखेची पद्धतच बंद करून रुग्ण आला त्याच दिवशी तपासणी व औषधे सुरू करण्यात आली, तेव्हा हेच प्रमाण २.१ टक्क्यांवर आले. औषधे नवी नव्हती, यंत्रेही नवी नव्हती. बदलली ती केवळ वेळ. रुग्णालयास यंत्रासाठी देणगी द्यावी की मनुष्यबळासाठी, असा विचार करणाऱ्या हितचिंतकांनी हे आकडे अवश्य ध्यानात घ्यावेत, अशी आमची विनंती आहे.

लक्षणे निघून न जाता टिकून राहिली, तर प्रश्न तासांचा होतो. रक्ताची गाठ विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत दिल्यास उपयोगी पडते, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले; २००८ मध्ये ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली. मोठी रक्तवाहिनी अडली असल्यास नळीच्या साहाय्याने गाठ बाहेर काढण्याची सोय आता मोठ्या केंद्रांत असून निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंत करता येते. तरीही प्रत्येक मिनिटाची किंमत आहे: उपचार न झालेल्या अशा पक्षाघातात मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये एका अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडला होता. म्हणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जेथे सी.टी. स्कॅन आहे अशाच रुग्णालयात थेट न्यावे. रुग्ण शेवटचा पूर्णपणे ठीक केव्हा दिसला होता, ती वेळ कागदावर लिहून घ्यावी. झोपेतून उठतानाच लक्षण आढळले असेल तर रात्री झोपी जाण्याची वेळ धरावी लागते. तेलाची मालीश, कबुतराचे रक्त चोळणे यांत जो काळ जातो तो परत मिळत नाही. घरातील ॲस्पिरिनची गोळीही आपण होऊन देऊ नये. रक्तप्रवाह अडला आहे की रक्तस्राव झाला आहे, हे सी.टी. स्कॅनवाचून कळत नाही.

तारखेची वाट पाहू नये अशा आणखी काही अवस्था आहेत. आयुष्यात कधी झाली नाही अशी, क्षणात शिगेला पोहोचणारी डोकेदुखी. तापाबरोबर मान ताठणे. पहिलीच फिट, किंवा पाच मिनिटांत न थांबणारी फिट. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा जाणे किंवा बैठकीचा भाग बधिर होणे. पन्नाशीनंतर कानशिलाच्या नव्या दुखण्याबरोबर नजर अंधुक होणे. एका बाजूचा चेहरा कपाळासह लुळा पडला असेल, तर तो बहुधा चेहऱ्याच्या नसेचा विकार असतो व पुष्कळ अंशी बरा होतो; मात्र त्याची औषधेही पहिल्या ७२ तासांत सुरू व्हावी लागतात. शिवाय हा पक्षाघात नव्हे, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते, घरच्यांनी नव्हे.

पुण्याचा अनुभव

२०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पुणे परिसरात, विशेषतः सिंहगड रस्त्याच्या बाजूस, गियाँ-बारे या विकाराची साथ आली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली. एरवी वर्षभरात लाखामागे एक किंवा दोन व्यक्तींना होणारा हा आजार एकाएकी प्रत्येक घराच्या बोलण्यात आला. त्या दिवसांत बैठकीत पाय आखडून मुंग्या आल्या तरी माणसे धास्तावत.

मुंग्यांची भीती आणि आजाराची खरी खूण यांतील अंतर या साथीने चांगले दाखवून दिले. या विकारात मुंग्या येतात हे खरे, परंतु त्याला ओळख देतो तो चढत जाणारा अशक्तपणा. काल जिना चढता येत होता, आज कठड्याचा आधार लागतो, उद्या खुर्चीतून उठता येत नाही. दोन्ही पायांपासून वर सरकत काही दिवसांत तो हात, गिळणे आणि श्वास यांपर्यंत पोहोचू शकतो. अशा रुग्णास लगेच दाखल करावे लागते, कारण रोगप्रतिकारक प्रथिनांचे इंजेक्शन किंवा रक्तद्रव बदलण्याचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत झाल्यास अधिक गुणकारी ठरतो. उलट, महिनोन् महिने येणाऱ्या-जाणाऱ्या, कधी हाताला तर कधी गालाला जाणवणाऱ्या आणि एकही काम न अडवणाऱ्या मुंग्यांचा या विकाराशी संबंध नसतो.

यास्तव तारीख देताना आमच्या परिचारिका चार गोष्टी विचारतात. लक्षण अचानक सुरू झाले की हळूहळू? एकाच बाजूस आहे की दोन्हीकडे? दिवसागणिक वाढत आहे काय? आणि पूर्वी करता येत असे असे कोणते काम आता करता येत नाही? चौथा प्रश्न लोकांना क्षुल्लक वाटतो. आमच्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, चहाचा घोट नाकातून परत येतो, अशी उत्तरे मिळाली की यादीतील क्रम बदलतो. लक्षण केवळ जाणवते आहे की काही हिरावूनही घेते आहे, हा फरक येथे पाहिला जातो.

झोप उडवणारी, पण थांबू शकणारी लक्षणे

डोळा लवणे यास आपल्याकडे शुभाशुभाचा अर्थ आहे. पापणी किंवा पोटरी फडफडणे हे थकवा, जागरण, अतिरिक्त चहा-कॉफी आणि चिंता यांमुळे कोणासही होते. वैद्यकीय विद्यार्थ्यांना तर हमखास होते, कारण स्नायू फडफडणे हे एका असाध्य विकाराचे लक्षण असल्याचे त्यांनी नुकतेच वाचलेले असते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९९३ साली अशा १२१ जणांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. स्नायू फडफडत होते, परंतु तपासणीत अशक्तपणा किंवा अन्य दोष नव्हता, असे हे रुग्ण. दोन ते बत्तीस वर्षे लक्ष ठेवूनही त्यांच्यापैकी एकासही तो विकार झाला नाही.

मुंग्यांची साधी कारणे कितीतरी आहेत. रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होऊन हात झटकल्यावर बरे वाटते, तेव्हा मनगटातील नस दबलेली असण्याचा संभव मोठा. दोन्ही तळपाय जळजळतात तेव्हा मधुमेह आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांचा विचार प्रथम करावा लागतो. आपल्याकडील शाकाहारी कुटुंबांत ही कमतरता सर्रास आढळते. त्यासाठी रक्ततपासणी पुरते. ती आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून तारखेपूर्वीच करून घ्यावी, कारण ही कमतरता दीर्घकाळ तशीच राहिल्यास नसांचे व मज्जारज्जूचे कायमचे नुकसान होऊ शकते.

हात थरथरणे म्हणजे कंपवातच, हाही एक रूढ समज. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णिलेल्या त्या विकारात हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना कंप दिसतो, तो एका बाजूने सुरू होतो आणि त्याबरोबर हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होत जाते, चालताना एक हात हलेनासा होतो. कपबशी उचलताना दोन्ही हात थरथरणे आणि वडिलांचेही तसेच थरथरत असणे, हा बहुधा वेगळा, आनुवंशिक व कमी गंभीर कंप असतो. आणखी एक कारण मात्र फार दुर्लक्षित आहे, ते म्हणजे औषधे. आम्लपित्ताच्या काही गोळ्यांत असलेले लेवोसल्पिराइड, उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड, चक्कर किंवा अर्धशिशीसाठी दिली जाणारी सिनारिझिन व फ्लुनारिझिन यांच्या दीर्घ सेवनाने कंपवातासारखीच लक्षणे निर्माण होऊ शकतात. जुन्याच चिठ्ठीवर वर्षानुवर्षे गोळ्या आणण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ज्यांना कंप जाणवतो त्यांनी आपल्या गोळ्यांची नावे नेहमीच्या डॉक्टरांना तारखेपूर्वीच दाखवावीत. कोणतीही गोळी आपण होऊन बंद करू नये. फिटची तर मुळीच नाही.

चिंतेविषयी लिहिताना आम्हांस शब्द जपून वापरावेसे वाटतात. घाबरलेला मनुष्य नकळत जलद श्वास घेतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना व ओठांभोवती खऱ्याखुऱ्या मुंग्या येतात, डोके हलके होते. मुंग्या आल्याने भीती वाढते व श्वास अधिकच जलद होतो. ज्या अवयवाकडे दिवसातून पन्नास वेळा लक्ष जाते, त्याची प्रत्येक हालचाल मोठी वाटू लागते. हे ढोंग नव्हे. मेंदूच्या रचनेत दोष नसताना त्याच्या कार्यात अडथळा येऊन हातपाय लुळे पडणे किंवा फिटसारखे झटके येणे, हाही मान्यता पावलेला विकार असून तो ओळखण्याच्या ठोस खुणा आहेत. लुळ्या वाटणाऱ्या पायाची शक्ती पारखण्याची त्यांतील एक पद्धत १९०८ पासून वापरात आहे. "सगळे मनाचे खेळ आहेत" हे वाक्य सासरी-माहेरी ऐकून आलेल्या कितीतरी स्त्रिया तज्ज्ञांसमोर खरे लक्षण सांगण्यासच संकोचतात. निदान रुग्णालयात येईपर्यंत तरी घरच्यांनी हे वाक्य उच्चारू नये.

आधीच स्कॅन करून घ्यावा काय?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक कुटुंब विचारते, आणि त्यामागे कित्येकदा गहाण पडलेला एखादा दागिना असतो. वर वर्णिलेल्या तातडीच्या अवस्था सोडल्या तर आमचे उत्तर सहसा नकारार्थी असते. कारण केवळ खर्चाचे नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींच्या मणक्यांचा एम.आर.आय. काढण्यात आला, तेव्हा ५२ टक्के लोकांत किमान एका ठिकाणी गादी फुगलेली आढळली. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दोन हजार मध्यमवयीन व वृद्ध नागरिकांच्या मेंदूची छायाचित्रे घेण्यात आली, ७.२ टक्के जणांच्या मेंदूत त्यांच्या नकळत होऊन गेलेल्या लहान पक्षाघाताच्या खुणा होत्या, तर १.६ टक्के जणांत निरुपद्रवी गाठी होत्या. कोणत्या भागाचे चित्र कशासाठी काढायचे, हे तपासणीवाचून ठरत नाही. कमरेचा स्कॅन घेऊन आलेल्या रुग्णाचा दोष मानेच्या मज्जारज्जूत असतो, आणि मग दुसऱ्या स्कॅनचा खर्च करावा लागतो. मधले आठवडे त्याने पहिल्या अहवालातील इंग्रजी शब्दांचा अर्थ लावण्यात घालवलेले असतात, ते निराळेच.

खर्चाची विवंचना असलेल्या कुटुंबांनी तारखेपूर्वीच आमच्या समाजसेवा विभागास भेटावे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखीव असतात. शिधापत्रिका व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हाताशी असला तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

मधल्या दिवसांत

एक साधी वही करावी. पहिल्या पानावर लक्षण केव्हा, कोठे, काय करीत असताना सुरू झाले ते लिहावे. पुढे दिवसातून एकदाच, संध्याकाळी, त्या दिवसाची नोंद दोन ओळींत करावी आणि वही मिटून ठेवावी. तासातासाला हात पुढे धरून तो थरथरतो का पाहणे, हे नोंद ठेवणे नव्हे. झोप, जेवण आणि चालणे नेहमीप्रमाणे चालू ठेवावे.

फिट, झटके किंवा विचित्र हालचाली होत असतील तर घरातील कोणी मोबाईलवर त्यांचे चित्रण करावे. तज्ज्ञांसमोर फिट क्वचितच येते, त्यामुळे अर्ध्या मिनिटाचे ते चित्रण पुष्कळदा तपासणीइतकेच उपयोगी पडते. मात्र आधी रुग्णास कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक वस्तू बाजूस साराव्यात आणि घड्याळ पाहावे. चप्पल वा कांदा हुंगवणे, हातात लोखंडी किल्ली देणे, दातांत चमचा घालणे यांतून उपयोग शून्य आणि शेवटच्या प्रकारात इजा निश्चित. शुद्ध हरपली असेल अशा कोणीही तपासणी होईपर्यंत वाहन चालवू नये, विहिरीवर किंवा यंत्रावर एकट्याने काम करू नये.

लक्षणांत फरक पडला, नवी शक्ती गेली, दोन्हींकडे पसरले, चालणे बिघडले, तर आधी मिळालेली तारीख बंधनकारक समजू नये. बाह्यरुग्ण विभागास दूरध्वनी करावा आणि केवळ "त्रास वाढला" असे न सांगता, काय करता येईनासे झाले ते सांगावे. अचानक काही झाले तर दूरध्वनीतही वेळ न दवडता अपघात विभागात यावे.

भेटीच्या दिवशी सर्व गोळ्या, काढे व पुड्यांसह पिशवी, जुने कागद, चष्मा आणि लक्षण प्रत्यक्ष पाहिलेली व्यक्ती बरोबर असावी. शहरातील मुलाने सुट्टी काढून बरोबर यावे हे चांगलेच, पण फिट पाहिली ती सूनबाईंनी, तर त्यांना घरी ठेवून येऊ नये. तज्ज्ञ प्रथम पुष्कळ प्रश्न विचारतील, मग डोळ्यांची हालचाल, हातापायांची शक्ती, हातोडीने गुडघ्याचे प्रतिक्षेप आणि तळपायाची संवेदना तपासतील. अनवाणी चालायला लावतील, एका रेषेत टाचेपुढे टाच टाकून चालण्यास सांगतील. यातून दोष मेंदूत, मज्जारज्जूत, नसेत की स्नायूत, हे बव्हंशी कळते. त्यानंतर कधी स्कॅन सांगितला जाईल, कधी केवळ रक्ततपासणी, आणि कधी "तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा" एवढेच सांगितले जाईल. या शेवटच्या उत्तराने कुटुंबे निराश होतात, इतके दिवस थांबून हातात काहीच आले नाही असे त्यांना वाटते. वस्तुतः कंपवातासारख्या काही विकारांचे निदान काळ जाऊ दिल्यावरच स्पष्ट होते, आणि आजच्या तपासणीत नोंदलेल्या शक्तीची व चालण्याची तुलना तीन महिन्यांनंतरच्या नोंदीशी करणे हाच त्या वेळचा तपास असतो. तेव्हा ती वही तोवर चालू ठेवावी आणि पुढील भेटीस बरोबर आणावी.